महिपतीची जुळी

कतारमधल्या आमच्या उम सईदच्या कॅम्पात महिपती वेल्डरइतका खोटं बोलायला नालायक माणूस दुसरा नव्हता. पत्त्यात चांगलं पान आलं की त्याचे कान लाल व्हायचे. त्याच्याकडून मी किती सिगारेटी जिंकल्या ते सांगत नाही, त्याची बायको तानूबाई अजून हयात आहे. अशा माणसावर खोटं बोलायची पाळी आली.

साल एकोणऐंशी. कतारात इन्कम टॅक्सच नव्हता, मग पोराबाळांपायी सूट मिळणार ती कशात? म्हणून आमच्या कंपनीने भत्ता काढला. मुलं गावाकडे असली तरी चालतील, जन्माचा दाखला आणा आणि दर मुलामागे महिन्याला जादा रियाल घ्या. महिपतीला दोन मुलं, पारू आणि जालिंदर. त्याने गावच्या शाळेतून दोघांचे दाखले मागवले.

आता आपल्याकडे जन्मतारीख आईला कुठे ठाऊक असते, ती हेडमास्तरांना ठाऊक. शाळेत घालायला नेलं की गुरुजी मुलाकडे एक नजर टाकून एक जून लिहिणार. निम्मा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मलाय, मीसुद्धा. पारू धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली, म्हणून दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं. गुरुजींनी तारीखही एक लावली आणि सालही एकच. खरं तर पारू चांगली तीन वर्षांनी मोठी.

"काय महिपतराव, वहिनींनी एका दमात दोन?" मी मेसमध्ये विचारायचो.

"गुरुजींची कृपा, तात्या," तो म्हणायचा, आणि सगळं टेबल हसायचं.

मग ऑफिसात नवा साहेब आला. फार हळू बोलायचा. एका बिनलग्नाच्या ड्रायव्हरने पाच मुलं दाखवली होती, ती त्याने आठवड्यात हुडकली. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरची खाट रिकामी, वर चादर घडी करून ठेवलेली. तो विमानात कधी बसला, कुणी पाहिलं नाही. त्यानंतर भत्तेवाल्यांना एकेक करून बोलावणं येऊ लागलं. मेसमधलं हसणं बंद झालं.

महिपतीबरोबर मी गेलो होतो, दाराशी उभा.

"दोनों की तारीख एक है," साहेब म्हणाला. "जुडवां हैं?"

खरं सांगावं तर दाखला खोटा ठरणार, आणि खोट्या दाखल्याला काय मिळतं ते त्या खाटेने दाखवलं होतं.

"जी, साब," महिपती म्हणाला.

साहेबाने त्याच्या कानांकडे बराच वेळ पाहिलं. "फोटो मंगवाओ. दोनों का, साथ में."

महिन्याने फोटो आला. जालिंदर पारूच्या खांद्याशी.

"तात्या, पोरगी उंचीला माझ्यावर गेली की," महिपती कौतुकाने म्हणाला, आणि मग हळूच खाटेवर बसला.

दुसऱ्या फोटोसाठी पत्र मीच लिहिलं. असल्या उचापतीत मला न बोलावता कोण राहतंय? तानूबाई भलती हुशार. तिने पारूला पायघोळ परकर नेसवून गुडघ्यावर बसवलं आणि शेजारी जालिंदरला उभं केलं. डोकी सारखी आली. पारूचा चेहरा तेवढा पाय दुखत असल्यासारखा.

साहेबाने फोटो उजेडात धरला, तिरका करून पाहिला, फाइलला लावला.

"ठीक. अब हर साल एक नया फोटो," तो म्हणाला. "जुडवां बच्चे साथ-साथ बढते हैं. देखने में अच्छा लगता है."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सुटलास लेका."

शुक्रवारी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाचता यायचं, पण पत्र तो माझ्याकडून लिहवून घ्यायचा. ड्राफ्ट पाठवलाय, म्हशीला बघा, जालूला मागंल ते खायला द्या, असं सांगत गेला. मग थांबला.

"लिवा, पारूला रातचं जेवण नको. हळूहळू सवय लावा."

मी पेन उचललं.

"गुडघ्यावर किती सालं बसवायची तिला, तात्या?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला असतं, असा माझा लौकिक. मी ती ओळ लिहिली.

"वाचा बघू," तो म्हणाला.

मी वाचली. ती नीट ऐकून त्याने मान हलवली आणि पाकिटाला लावायला डिंकाची बाटली पुढे ओढली.