कारिजाची बायको

तूबाखालाचा दुसरा नवरा म्हणजे पाणी, असं सांगितलं की शहरातली माणसं हसतात. हसू देत. आपल्या नळाला पाणी कुठून येतं, हे तरी त्यांना कुठे ठाऊक असतं?

आमच्या सरावंदला पाणी यायचं ते कारिजाचं. डोंगराच्या पोटातून भुयार खणत आणलेला पाट, आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वर ओळीनं एकेचाळीस विहिरी. किती जुना, ते कुणालाच सांगता येत नाही. कारीज पुरुष, आणि एकटा पुरुष बिघडतो, हे काय नव्यानं सांगायचं? तो रुसला, पाणी आटू लागलं, की गावातली एखादी विधवा त्याला द्यायची. तूबाखालाचा नवरा गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. पुढच्या वसंतात नवी चादर पांघरून, डफ वाजवत तिला कारिजाच्या मुखाशी नेलं. महिन्यातून एकदा त्या पाण्यात उतरून अंघोळ करायची, बर्फ पडत असलं तरी. दुसरं लग्न करायचं नाही. सुगीला प्रत्येक शेतकरी तिच्या घरी गहू पोचवायचा.

चाळीस वर्षं तिनं हा संसार केला. पहिला उठताबसता मारायचा, ह्यानं कधी हात उगारला नाही, असं ती बायकांत सांगायची. आणि बहमन महिन्यात, ऐन थंडीत, पाण्यात उतरून दात वाजायला लागले की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही करायची.

मी गावच्या शाळेत इतिहास शिकवायचो. अडीच हजार वर्षांचे राजे पोरांकडून घोकून घेतले. कुणी कुठला मुलूख जिंकला, कुणी कुणाला गादीवरून ओढलं, सगळं पाठ. कारीज शाळेपासून दोनशे पावलांवर. पण तो पुस्तकात नव्हता, म्हणून एकदाही पोरांना तिकडे नेलं नाही. खरं सांगतो, तूबाखालाच्या त्या लग्नाला मी मनातल्या मनात अडाणीपणाच म्हणायचो. शिकलेला होतो ना मी.

कारिजात उतरणारा शेवटचा माणूस, उस्ता बख्शअली, दोन वर्षांपूर्वी वारला. त्याची विद्या कुणी घेतली नाही. गेल्या वसंतात सतराव्या आणि अठराव्या विहिरीच्या मधे भुयाराचं छत बसलं. पाणी मनगटाएवढं झालं. उन्हाळा सरायच्या आत माती निघाली नाही तर पाणी दुसरीकडे वाट काढतं आणि पुन्हा फिरकत नाही, हे म्हाताऱ्यांना माहीत होतं. पोरं म्हणाली, बोअर आहे की.

तूबाखाला दारोदार फिरली. शेवटी माझ्याकडे आली.

"मास्तर, पोरं तुमचं ऐकतात. खाली काय करायचं ते मी सांगते, उस्ताच्या तोंडून जन्मभर ऐकलंय. मला फक्त हात हवेत."

मी शाळेत भाषण ठोकलं. यंत्र नाही, नकाशा नाही, नुसत्या दिव्याच्या ज्योतीवर आपल्या पूर्वजांनी डोंगर कसा पोखरला, ते सांगितलं. पोरांचे डोळे चमकायला लागले तसा मीही चढलो, आणि उतरणाऱ्यांचा नियमही सांगून बसलो. उतरणारा पांढरे कपडे घालतो, वर आलाच नाही तर कफनाची खोटी नको म्हणून. उतरण्याआधी तो काठावर उभा राहून स्वतःच्या मनाला विचारतो. "आज मन नाही म्हणतंय," असं तो म्हणाला की कारण विचारायचं नाही, गळ घालायची नाही, त्या दिवसाचं काम बंद. रहाटावरच्या माणसालाही तोच नियम. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी पाच जण आले, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून, जसे काही लग्नाचे पाहुणे. तूबाखालानं मोठं पातेलं भरून डाळी-पाल्याची दाट आश शिजवली होती. सगळ्यांत पुढे बर्दिया. त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, मागे सरला आणि म्हणाला, "आज मन नाही म्हणतंय." काम बंद. पाचही जण आश खाऊन गेले. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याचं मन नाही म्हणालं. तिसऱ्या शुक्रवारी तर मोटारसायकलवरून उतरायचेही कष्ट न घेता, लांबूनच.

माझं डोकं फिरलं. इतक्या पिढ्यांच्या शहाणपणातून कार्ट्यांनी नेमकी पळवाट तेवढी उचलली होती, आणि ती दाखवणारा शहाणा मीच. मी त्यांच्या अंगावर धावलो. खालानं माझी बाही धरली.

"कारण विचारायचं नसतं, मास्तर."

पुढच्या सोमवारी सकाळीच ती माझ्या दारात उभी, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. "रहाटाला चला," म्हणाली. मी गेलो. तिनं कमरेला दोर बांधला, फासात पाय घातला, हातात लहान कुदळ घेतली. मी रहाटाचा दांडा धरला. तिच्या हाडांची काळजी वाटली म्हणून सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. खाली काही झालं तर लोक काय म्हणतील, पोलीस मला काय विचारतील, तेच डोक्यात घोळत होतं.

"खाला," मी म्हणालो, "आज माझं मन नाही म्हणतंय."

तिनं फासातून पाय काढला, दोर नीट गुंडाळून रहाटावर टांगला आणि घरी गेली. त्यानंतर तिनं कुणाला विचारलं नाही, मलाही नाही.

उन्हाळा सरला आणि मेहर महिन्यात पाणी थांबलं. डाळिंबं झाडावरच तडकली. तूबाखालानं काळे कपडे घातले, घरात सतरंज्या अंथरल्या, आणि सातव्या दिवशी माणसाच्या मयताला करतात तसा हलवा केला. अर्धा गाव आला. बर्दियाही आला. कोरड्या पाटाचा फोटो त्यानं मोबाइलवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'आपला वारसा वाचवा.' हजारो लोकांना आवडला म्हणून मला कौतुकानं दाखवत होता. पोरगा मनापासून हळहळत होता, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

मी खालाजवळ जाऊन बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "काय गमावलं ते ह्या पोरांना ठाऊकच नाही, खाला."

"पोरांना ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं."

आणि हलव्याचं ताट तिनं माझ्यासमोरून उचलून शेजारच्या माणसापुढे धरलं.