हिरव्या दिव्याची ड्युटी

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. फ्रिजमागच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात आणि कधीतरी फ्रिज सरकवला की दिसतात. जयपूरच्या वैशाली नगरमधली आम्ही चार-पाच मराठी घरं रविवारी एकमेकांकडे पोह्यांना जमतो. पूर्वी तिथे बदल्या, बढत्या आणि जयपुरात गोडा मसाला कुठे मिळतो, यावर बोलणं व्हायचं. हल्ली सगळे मलाच विचारतात, "काय रे, या आठवड्यात तुझ्या नेटचं काय?" मग मी सुरू होतो आणि पोहे गार होतात.

आधी परिस्थिती सांगतो. माझी बायको स्वाती रेल्वेत आहे. तिची बदली जयपूरला झाली. माझी नोकरी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत. आमचे साहेब जोगळेकर यांच्या हातापाया पडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली आणि स्वाती, सहा वर्षांची मुक्ता, माझी आई आणि माझा कॉम्प्युटर अशी सगळी वरात इकडे आली. परवानगीला अट एकच होती. नेट नीट पाहिजे.

आणि आमचं नेट असं, की धड चालायचं नाही आणि धड बंदही पडायचं नाही. कायमचं बंद पडलं असतं तर कोणीतरी दुरुस्त केलं असतं. हे मनाला येईल तेव्हा जायचं आणि आपलं आपण परत यायचं, वर कुठे गेलं होतं ते सांगायचं नाही. शेवटी जोगळेकर म्हणाले, "अजून एकदा मीटिंगमधून गायब झालात तर पुण्याला या. मी बाकी काही ऐकणार नाही."

म्हणजे बायको आणि मुलगी जयपुरात, मी पुण्यात. इथलं हिंदी उचललेली मुक्ता झोपताना विचारायची, "बाबा, तू मतलब खरंच पुण्याला जाणार?" तरी मी अजून जयपुरातच आहे. नेटच्या कृपेने नव्हे, नेट नसण्याच्या कृपेने.

*

पहिली तक्रार मी फोनवरून केली. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती फक्त बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनवर मिळते. घरात फोन चालतो तो वायफायवर. नेट आलेलं बघून मी घाईघाईने कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची बाई अत्यंत गोड होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तिने प्रेमाने विचारून घेतलं. मग म्हणाली, "सर, अब एक बार मॉडेम बंद करके चालू कीजिए. मैं लाइन पर ही हूँ."

मी मॉडेमचं बटण बंद केलं. त्याबरोबर बाई गेली.

मॉडेम पुन्हा सुरू झाला तेव्हा मेसेज येऊन पडला होता. "आपकी समस्या का समाधान करके हमें खुशी हुई."

*

मग कंपनीचे टेक्निशियन बनवारीजी घरी यायला लागले. जाड मिशा, खांद्यावर वायरचं वेटोळं, तोंडात कायम मारवाडी वळणाचं "कोई ना सा, हो जाएगा." ते दारात पाऊल ठेवायचे आणि नेट घोड्यासारखं पळायला लागायचं. ते अर्धा तास चहा पीत बघत बसायचे. नेटची हूं की चूं नाही. ते जिना उतरून खाली गेले की बंद.

आईला या माणसाचं भारी कौतुक. आमची आई सांगलीची, आणि तिचं हिंदी तिचं स्वतःचं आहे. एकदा तिने चहाबरोबर चकली पुढे केली आणि मनापासून म्हणाली, "भैया, आप आते ही सब चालू! आप बहुत चालू आदमी हो."

बनवारीजींनी चकली तशीच बशीत ठेवली. "माताजी, बीस साल की इज्जत है मेरी," असं म्हणून ते उठले. त्यांना परत बोलवायला मला ऑफिसातल्या बड्या क्लायंटपेक्षा जास्त मिनतवाऱ्या कराव्या लागल्या.

*

आमच्या रविवारच्या मंडळातले कांबळेसाहेब रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. मूळचे नागपूरचे. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि म्हणाले, "अरे बावा, आमच्याकडे सिग्नल नसला तर गाडी थांबते. तुझ्याकडे सिग्नल आहे अन् गाडी उभी. येतो मी."

ते आले. त्यांची पद्धत एकदम शास्त्रशुद्ध. "एकेक डबा सोडवून बघू," म्हणाले. आधी टीव्ही काढला. मग स्वातीचा फोन, आईचा फोन, मुक्ताचा टॅब. प्रत्येक वेळी थांबून मॉडेमच्या दिव्याकडे बघायचं. शेवटी माझा कॉम्प्युटरही काढला. दिवा हिरवागार, डोळ्याची पापणीही लववत नव्हता.

कांबळेसाहेब समाधानाने मागे टेकले. "बघ. कोणी वापरलं नाही तर तुझं नेट उत्तम आहे."

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं निदान होतं.

*

जयपूरची संक्रांत ज्याने बघितली नाही त्याला हे कळायचं नाही. अख्खं शहर गच्चीवर असतं. पतंग, भोंगे, फीणीची मिठाई, तिळाचे लाडू. आणि आमच्या नेटची वायर समोरच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर, सगळ्या मांज्यांच्या मधोमध आलेली.

पुण्याच्या ऑफिसला त्या दिवशी सुट्टी नव्हती. मी क्लायंटला आमची सिस्टीम किती भरवशाची आहे ते समजावत होतो. समोरच्या गच्चीवरच्या कोणा शूरवीराचा मांजा अडकला आणि त्याने जोर लावून ओढला. मी "हंड्रेड पर्सेंट अपटाइम" असं म्हणालो आणि त्याच क्षणी सगळी कॉलनी एका सुरात ओरडली, "वो काटाऽऽ!"

जोगळेकरांना शेवटचं ऐकू गेलं ते एवढंच. पुण्याला यायची धमकी आली ती या मीटिंगनंतर.

*

मे महिन्यात बनवारीजी म्हणाले, मॉडेम गरम होतोय. हे त्यांनी मला सांगायला हवं होतं. त्यांनी ते आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीहून आलो, तर आईने कूलर फिरवून मॉडेमसमोर लावला होता. वाळ्याचा वास सुटलेला, पाण्याचे तुषार उडतायत आणि मॉडेमचे सगळे दिवे विझलेले. आई शेजारी बसून पंख्याने वारा घेत होती. स्वतःसाठी कूलर नव्हता ना.

"त्याला आता शांत झोप लागलीय," ती म्हणाली.

नवा मॉडेम घेऊन बनवारीजी आले तेव्हा त्यांनी आईला हात जोडले. "माताजी, इसको लू नहीं लगती."

*

एवढं सगळं सोसलं, पण एक गोष्ट डोक्यात जायची. बनवारीजी कोपऱ्यावरच्या खांबावर चढून काहीतरी करायचे आणि लगेच माझी तक्रार बंद व्हायची. शेरा एकच असायचा, 'ग्राहकाने दुरुस्ती झाल्याचे सांगितले.' कोणी सांगितलं? मी सांगितलं नाही. स्वाती ऑफिसात. आई म्हणे मी देवासमोर होते. मी कस्टमर केअरला फोन करून भांडलो, तर तीच गोड बाई म्हणाली, "सर, आपके घर से ही कन्फर्म हुआ है."

कांबळेसाहेब म्हणाले, "खात्यात माणूस फुटलेला असतो. घरात पण बघ."

स्वातीला सुट्टी होती त्या दिवशी उलगडा झाला. बनवारीजी खांबावर शिडी लावून उभे. घरातला मॉडेमचा दिवा हिरवा झाला का, हे त्यांना तिथून दिसत नाही, म्हणून ते बाल्कनीकडे तोंड करून ओरडले, "आई?"

म्हणजे बत्ती आई क्या. बाल्कनीत मुक्ता उभी. शिडीवरचा माणूस आपल्या आईला विचारतोय म्हटल्यावर तिने घरात तोंड करून जोरात हाक मारली, "आईऽऽ!"

"ठीक है!" बनवारीजी खाली उतरले, शिडी काढली आणि मोटरसायकलला किक मारली. दिवा लालच होता.

मुक्ता आत येऊन स्वातीला म्हणाली, "आई, ते भैया नेहमी तुला बोलवतात. तू घरी नसलीस तरी मी हाक मारते, मग ते निघूनच जातात."

*

पुढच्या शनिवारी सकाळी जोगळेकरांनी कॉल ठेवला. "नेट बघतो, मग तुमचं काय ते ठरवू," असा निरोप होता. बनवारीजी शुक्रवारी येणार होते. अर्थात ते शनिवारी आले, नेमके कॉलच्या वेळेला, आणि थेट खांबावर चढले.

मी मुक्ताला बाल्कनीतून हलवलं आणि हिरव्या दिव्याची ड्युटी आईला दिली. मॉडेम माझ्या खोलीच्या दाराबाहेर आहे. त्याच्यासमोर तिला खुर्ची दिली आणि समजावलं, "हिरवा लागला की ओरडायचं 'आई'. गेला की 'गई'. बाकी काही बोलायचं नाही."

"मी स्वतः आई, आणि मीच 'आई, आई' करू?"

"हिंदीत करायचंय, आई."

"मग ठीक आहे."

मी दार लावून घेतलं. जोगळेकर पडद्यावर आले. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. "कसं आहे नेट?" त्यांनी विचारलं.

"एकदम स्टेबल, सर."

बाहेरून बनवारीजींचा आवाज आला, "आई?"

दारापलीकडून आई कळकळीने ओरडली, "आई! आई!" आणि मग जीव तोडून, "अगं बाई! गई! आई गई!"

मुक्ताला वाटलं खेळ आहे. तीही सुरात सूर मिसळून ओरडायला लागली, "गई! आई गई! आई गई!"

जोगळेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काहीतरी बोलायला गेले आणि तोंड उघडं असतानाच पडद्यावर गोठले.

संपलं, मी म्हटलं. बॅग भरायची. मुक्ताला काय सांगायचं ते सुचेना. फोन बाल्कनीत वॉशिंग मशिनवर नेऊन ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने जोगळेकरांचा मेसेज आला. पहिलं नजरेत भरलं ते शेवटचं वाक्य, 'जयपूरहूनच काम करा, पुण्याचा विषय माझ्याकडून संपला.' मी उडीच मारली. मग वरचं वाचलं. 'मागचा आक्रोश ऐकला. आई गेल्या, फार वाईट झालं. अशा वेळी घरच्यांजवळ राहा.'

मी फोन मशिनवरच ठेवून स्वयंपाकघरात धावलो आणि स्वातीला सांगितलं. ती हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरली.

"आत्ताच्या आत्ता फोन कर आणि खरं सांग," ती म्हणाली.

"सांगतो. पण काय सांगू? सर, आई परत आली?"

"तसं नको."

"मग कसं?"

तेवढ्यात बाल्कनीत फोन वाजला. आम्ही दोघं पळालो, पण आई ड्युटी सोडून आधीच पोचली होती.

"हॅलो? कोण, जोगळेकरसाहेब होय? नमस्कार, नमस्कार. मी त्याची आई बोलतेय."

पलीकडून काहीच आवाज नाही. आईने दोनदा "हॅलो, हॅलो" केलं, फोन कानापासून लांब धरून उलटासुलटा करून बघितला आणि आमच्याकडे वळून म्हणाली,

"अरे, हाही गेला बघ."