गोणीतला अँप्ली, दोन भोंगे आणि मंचेरियलची वाट

नवा अँप्ली घ्यायचा नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले, म्हणून हा प्रवास झाला.

आमचं गाव भैंशापासून बसने अर्धा तास, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. मी चौथी शिकलेली. दिवसा निंदायला जाते आणि उरलेल्या वेळात रेडिओ खोलते. हा माझा नाद आहे, आणि आता तो सोडायचं वय गेलं. सासऱ्यांचा रेडिओ बंद पडला होता तेव्हा पहिल्यांदा खोलला. काही कळलं नाही. मग भैंशाच्या रेडिओवाल्याच्या दुकानासमोर दर बाजाराच्या दिवशी तास-दोन तास उभी राहायची. तो कंटाळून म्हणायचा, "बाई, घेनार काय हाय?" मी म्हणायची, "पाहून राह्यली." पाहून पाहूनच शिकले. आता चार गावांतले रेडिओ आणि टेप माझ्याकडे येतात. मोबाईल आणतात ते मी परत देते. जे उघडताच येत नाही त्याचा मला राग येतो.

हा ब्लॉगही मीच टाइप करते, एका बोटाने. लेक शाळेत शिकवते, तिने तो फक्त सुरू करून दिला. मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत ते वहीत लिहून ठेवलंय. चुका दिसल्या तर चालवून घ्या.

आता अँप्लीचं. आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो. रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, अँप्ली तो आवाज वाढवतो आणि भोंग्यातून गावभर ऐकू जातो. गावभर म्हणजे नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडे दहा-बारा घरं आहेत, तिथं पोचत नाही. पावसात नाल्याला पाणी असतं, तिथल्या बायांना विहारात येता येत नाही. शेवंताबाई तिथलीच. साठीच्या पुढची, माझ्याच ओळीत निंदते. मागच्या वर्षी मला म्हणाली, "तुमी इकडं धम्म ऐकून राह्यले, आमी तिकडं बेडकं ऐकून राह्यलो."

ते मला लागलं. या वर्षी मी वर्गणी काढायला लावून दुसरा भोंगा आणवला. नाल्याकडे तोंड करून बांधला, तार ओढली, जोडणी मीच केली. पौर्णिमेला पाच दिवस होते तेव्हा लावून पाहिला. तासभर दोन्ही भोंगे झकास बोलले. मग जळका वास आला आणि सगळं गप.

विहार कमिटीचे अध्यक्ष गौतम मास्तर माझे चुलत दीर लागतात. ते म्हणाले, "मशीन म्हातारं झालं. नांदेडहून नवं आनू. आन नव्यावर तो दुसरा भोंगा नाई लावायचा. उगाच लोड."

"काऊन? मी करते ना दुरुस्त."

"वहिनी, रेडिओ वेगळा, हे वेगळं."

"पुनवेच्या आत बोललं नाई तर आना नवं. बोललं तर दोनी भोंगे राह्यतील."

पंचवीस माणसं बसली होती. मास्तर म्हणाले, "बरं." झालं. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँप्ली कापसाच्या गोणीत घातला. वजन आठ-दहा किलो. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि माझा मीटर. मीटर म्हणजे कुठला भाग जिवंत आहे, कुठला मेला ते सांगणारा डबा. मी त्याच्याशिवाय भैंशालाही जात नाही. सोबत शेवंताबाई. तिला म्हटलं, चल, तुझ्याच भोंग्यापायी चाललेय. ती म्हणाली, "चाल. तेवढंच निंदनं चुकलं."

भैंशाहून निर्मल, निर्मलहून आदिलाबाद. लाल बसने दोन्ही मिळून शंभराच्या आत भाडं. एक सांगून ठेवते, निघायच्या आधी बस स्टँडवर विचारा. वेगळ्या राज्यासाठी कधी बंद पुकारतील सांगता येत नाही, आणि मग अर्ध्या वाटेत बसून राहावं लागतं. निर्मलच्या पुढं घाट लागतो. पावसाळ्यात तिथं सगळं हिरवं होतं, पण रस्त्यातले खड्डे पाण्याने भरलेले असतात, म्हणून मागच्या सीटवर बसू नका. आम्ही बसलो. प्रत्येक खड्ड्याला मी गोणी उचलून मांडीवर घ्यायची.

कंडक्टरने गोणीला हात लावला. "एमुंदम्मा इंदुलो?" म्हणजे यात काय आहे?

"दानिकि पानम बागलेदु," मी म्हटलं. त्याची तब्येत बरी नाही. "दवाखानाकु तीस्कपोतुन्न." दवाखान्यात नेतेय.

तो हसला आणि सामानाचं तिकीट फाडायचं विसरला. शेवंताबाई म्हणाली, "पेशंटचं अर्धं तिकीट तरी काढा, भाऊ." तिला कुठं गप बसावं ते कळत नाही. नशीब, त्याला मराठी कळत नव्हतं.

आदिलाबादला बाजारातल्या दुकानात गेलो. पूर्वी तिथं नुसते रेडिओ असायचे, आता काचेत मोबाईलची झाकणं टांगलेली. मी घरीच अँप्ली खोलून पाहिला होता. आवाजाला जोर देणारे मोठे ट्रान्झिस्टर आत दोन, रुपयापेक्षा मोठे, लोखंडी टोपीचे, दोन्ही मेलेले. त्यांच्यावर छापलेल्या नंबरचेच मागितले. दुकानदाराने दोन काढून दिले. नवे कोरे, चकचकीत. मी मीटर काढला.

"अरे अम्मा, नया माल है. चेक क्या करते?"

केलं. एक दुकानातच मेलेला निघाला. दुसऱ्यावरचा नंबर नखाने खरवडला तर पुसला गेला, म्हणजे नकली. मी दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकले. मग आवाज खाली करून म्हणाला, "असली चाहिए तो मंचेरियल जाओ. स्टेशन के पीछे मल्लय्या है. खदान में बिजली का काम करता था."

खरं सांगते, त्या वेळी मला फार बरं वाटलं. भैंशाच्या दुकानासमोर इतकी वर्षं उभी राहिले ते त्या काउंटरवर वसूल झालं.

मुक्काम शेवंताबाईच्या भाचीकडे. ती कचेरीत क्लार्क आहे. तिने वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली आणि विचारलं, "मावशी, गोनीत काय हाय?" शेवंताबाई म्हणाली, "आमचा आवाज."

सकाळच्या बसने मंचेरियल. गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जन्नारम असा रस्ता. पाच तास धरा, भाडं शंभराच्या थोडं वर. उटनूरच्या पुढं सागाचं जंगल सुरू होतं. पावसाने धुतलेली ती मोठाली पानं पाहायची असतील तर खिडकीची जागा धरा. मी धरली होती. पण माझं लक्ष समोरच्या सीटवर. एक गोंड म्हातारा खांद्याला रेडिओ लावून बसला होता. गोंडी गाणी लागायची आणि खड्डा आला की बंद पडायची. तो चापट मारायचा, परत सुरू. तीन-चार खड्डे मी सोसले. मग हात पुढं केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं आणि रेडिओ दिला. सेलची स्प्रिंग ढिली झाली होती. कुणाच्या तरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घेतली आणि घडी करून मागे दाबली. मग जन्नारमपर्यंत गाणी तुटली नाहीत. तिथं उतरताना म्हाताऱ्याने दाराजवळ ठेवलेली आमची गोणी आत सरकवून दिली, एवढंच.

मंचेरियल कोळशाचं गाव. पानांवरसुद्धा काळी धूळ बसलेली. स्टेशनच्या बाहेर एक बाई तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी भाजून देते. शेंगदाणे, तीळ, मिरची घातलेली, जाड थालीपिठासारखी. दोघींनी दोन-दोन खाल्ल्या. गेलात तर खाच.

मल्लय्याचं दुकान म्हणजे एक खोली, त्यात एक टेबल, एक स्टूल आणि छतापर्यंत जुनी यंत्रं. म्हातारा वाळलेला, चष्म्याला दोरी. मी अँप्ली टेबलावर ठेवला आणि म्हटलं, दोन ट्रान्झिस्टर पाहिजेत. त्याने आत पाहिलंच नाही. मागची बाजू फिरवली, जिथं भोंग्याच्या तारा लावायचे स्क्रू असतात.

"कितने भोंगे लगाये?"

"दोन."

"कौनसे स्क्रू पे?"

"सोळा."

"दोनों सोलह पे?"

मी हो म्हटलं. त्याने चष्मा काढला. "अम्मा, ये अपनेआप नै जला. किसीने जलाया."

मग त्याने समजावलं. माझ्यासारखा नाद असेल तर हे लिहून घ्या. सोळाचा स्क्रू एका भोंग्यासाठी. दोन भोंगे तिथंच जोडले की मशीनवर दुप्पट ओझं पडतं. ते तासभर ओढतं, मग जळतं. दोन भोंगे असले की दोन्ही तारा आठच्या स्क्रूवर घ्यायच्या. आठचा स्क्रू बाजूलाच होता. मी तो पाहिला होता. मला वाटलं, आठ म्हणजे कमी, सोळा म्हणजे जास्त, आणि नाल्यापलीकडे जायचं तर जास्तच पाहिजे.

"किसने जोडा?" त्याने विचारलं.

शेवंताबाई एका दमात म्हणाली, "लाइनवाला जोड्या. हमारे गाव का. निकम्मा है."

"उसको एक मारो."

आमच्या गावचा लाइनमन गरीब माणूस. त्याने या तारेला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "नहीं. मैंने जोडा."

मल्लय्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तो खुद को मारो. पर पहले चाय पीओ."

चहा झाला. त्याने ड्रॉवरमधून चार ट्रान्झिस्टर काढले, दोन बसवायला, दोन जादा. मी मीटर लावला. चारही जिवंत. तो उठला आणि त्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "लगाओ. मैं देखता."

मी बसले. जुने काढले, खालचा अभ्रकाचा पातळ तुकडा पुसून पुन्हा बसवला, नवे ट्रान्झिस्टर लावले, कथलाचे डाग दिले. माझा हात कापत नाही, गरम लोखंड हातात असलं की तर नाहीच. त्याने वाकून एकेक डाग पाहिला, नखाने ओढून पाहिला.

"किधर सीखा?"

"दुकान के सामने खडी रहके."

"इस स्टूल पे," तो म्हणाला, "मेरा लडका भी नै बैठा. उसको मोबाइल का दुकान होना." मग भोंगा लावून अँप्ली सुरू केला आणि माइक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "जयभीम." भोंग्याने तेच म्हटलं, स्टेशनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोरात. शेवंताबाई दारात उभी राहून रस्त्यावरच्या लोकांना सांगत होती, "वो हमारी है."

रात्री तिथल्याच विहारात पाठ टेकली. सकाळी निर्मलच्या बसमध्ये शेवंताबाईने विषय काढला.

"गावात काई सांगू नको."

"काय?"

"सोळा आन आठचं. मास्तर म्हनल, पाहा, बाईनं जाळलं. भोंगा उतरवून ठेवल. मंग आमी पुन्हा बेडकं ऐकत बसू."

तिचं खरं होतं. मशीन दुरुस्त झालं होतं, मी जिंकले होते, कुणी काही विचारणार नव्हतं. पण गावभर बोलणं झालं होतं की मशीन म्हातारं झालं. त्या मशीनने इतकी वर्षं इमानाने काम केलं, जळलं ते माझ्या हाताने, आणि मीच त्याला म्हातारं म्हणू द्यायचं? उद्या मी नसताना कुणी तार काढून पुन्हा सोळावर लावली तर परत जळेल, आणि परत यंत्राचंच नाव. निर्मल येईपर्यंत माझं ठरलं. शेवंताबाईला सांगितलं. ती भैंशापर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण ठेचा मात्र सगळा खाल्ला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोन्ही भोंगे आठवर लावून दोन तास चालवले. झाकणावर हात ठेवून बसले होते. कोमट राहिलं, तापलं नाही.

पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला. मास्तर ग्रंथ घेऊन बसले. मी त्यांच्या आधी माइक घेतला आणि उभ्यानेच बोलले, "मशीन म्हातारं झालं नव्हतं. दोन भोंग्याच्या तारा म्या चुकीच्या स्क्रूवर लावल्या, म्हनून जळलं. मंचेरियलले जाऊन शिकून आली. आता बरोबर लावल्या हायेत."

मास्तर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, हे त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?" माइक चालूच होता, गावाने ऐकलं.

"त्या दिवशी मलेच कुठं ठाऊक होतं?"

मागे कुणीतरी हसलं. मास्तरांनी ग्रंथ उघडला, पुन्हा मिटला. "उद्या रंग देतो. कोन्ता स्क्रू ते मशीनवर लिहून ठेवा. तुमच्याच हातानं, म्हंजे मंग वाद नाई." आणि वाचायला लागले. दुसऱ्या भोंग्याबद्दल एक शब्द काढला नाही. तो आपला नाल्याकडे तोंड करून वाचत होता.

आता अँप्लीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात माझं अक्षर आहे. "दोन भोंगे, आठचा स्क्रू." अक्षर वाकडं आहे, पण कमिटीतला प्रत्येक माणूस तार लावायच्या आधी ते वाचतो. जळालेले दोन ट्रान्झिस्टर मी फेकले नाहीत. फळीवर रेडिओशेजारी ठेवलेत. कुणी विचारलं हे काय, तर सांगते, हे मी जाळले. आणि मग मंचेरियलच्या स्टुलाचं सांगते. दोन्ही सांगते, एक सांगून थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी निंदायला गेलो तेव्हा शेवंताबाई माझ्याच ओळीत आली.

"ऐकू आलं काय?" मी विचारलं.

"तुझं का मास्तरचं?"

"दोनी."

"तुझं जास्त आलं." तिने तण उपटून बांधावर टाकलं. "बेडकं बी गप बसले होते."