तात्यारावांचं कोमट पाणी

खडकीच्या कारखान्यात तात्याराव ओव्हाळांनी एकतीस वर्षं वॉटर कूलर सांभाळले. कामगारांना प्यायला गार पाणी देणारे स्टीलचे उभे कूलर, एकूण चव्वेचाळीस. त्यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव तात्यारावांना तोंडपाठ होता. दुरुस्ती झाली की पहिला ग्लास ते स्वतः प्यायचे. दात शिवशिवले की कूलर पास. मग त्याच्या पाठीला सुतळीने बांधलेल्या पिवळ्या कार्डावर तारीख, पाण्याचं तापमान, सही आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकतीस वर्षांत त्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘थंडगार’.

रिटायर झाले आणि हात रिकामे झाले. घरात थंड करणारं यंत्र एकच, फ्रिज, आणि तो मेला बिघडायलाच तयार नव्हता. तात्याराव रोज त्याच्या पाठीला कान लावून यायचे.

“अहो, तो नीट चाललाय म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नका,” शालनताई म्हणायच्या. नवऱ्याची समजूत काढायची त्यांची हीच पद्धत होती.

त्यांची मुलगी दीक्षा एका ॲनिमेशन कंपनीसाठी घरूनच काम करायची. तिने चित्रातला डोंगर, पाऊस, धूर असं काही रचून दिलं की ते खऱ्यासारखं दिसेपर्यंत तिचा कॉम्प्युटर तासन्‌तास गणितं करत बसे. काचेच्या पेटीतला, आत रंगीत दिवे असलेला तो दणकट कॉम्प्युटर तिने एकेक भाग निवडून स्वतः जुळवला होता. पण उन्हाळा लागला आणि त्याने मान टाकली. काम सुरू केलं की चाळीस मिनिटांत आतल्या तापमानाचा आकडा पंचाण्णव अंशांवर जायचा आणि यंत्र आपलं आपण बंद पडायचं.

मेच्या शेवटी कंपनीचा निरोप आला. सोमवारी चाचणी. दहा ते सहा, आठ तास घरचा कॉम्प्युटर न थांबता चालला तर घरून काम चालू ठेवा. नाहीतर दहा जूनपासून हैदराबादच्या ऑफिसात या.

दीक्षाने हे जेवताना सांगितलं. तात्यारावांनी भाकरीचा तुकडा मोडला. “जा की मग. हैदराबाद काय परदेश आहे?”

म्हणाले खरे, पण तो तुकडा त्यांनी तसाच ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्मा लावून तिच्या टेबलाखाली शिरले. “या नळ्या कसल्या?”

“पाणी फिरतं त्यांतून, पप्पा. चिपची उष्णता घेऊन त्या पंख्यांकडे जातं, तिथे निवतं. पण खोलीच तापलेली, ते निवणार कसं?”

तात्याराव टेबलाखालून हळूहळू बाहेर आले. “आत पाणी फिरतं? आणि हे मला तू आज सांगतेस?”

पुढचे चार दिवस घरात कुणाची त्यांच्याशी बोलायची हिंमत नव्हती. जुन्या बाजारातून त्यांनी चाळीस लिटरचा एक कूलर हुडकला आणि रिक्षात घालून आणला. रिक्षातून आधी कूलर उतरला, मग त्याच्यामागे चेपलेले तात्याराव.

“लोक रिटायर झाले की घर आवरतात,” शालनताई जिन्यातून म्हणाल्या.

कूलर गॅलरीत उभा राहिला. त्याच्या टाकीत तात्यारावांनी तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवलं आणि त्याची दोन तोंडं खिडकीतून आत आणून कॉम्प्युटरच्या नळ्यांना जोडली. कॉम्प्युटरचं पाणी वेटोळ्यातून फिरून गार होणार आणि परत जाणार. सगळा जन्म ज्यात गेला तेच काम, फक्त पिणारा बदलला होता. शनिवारी सकाळी त्यांनी कूलरचं बटण सवयीने शेवटपर्यंत फिरवलं. आठ अंश. एक ग्लास भरून प्यायले. दात शिवशिवले.

“पास,” ते म्हणाले.

दीक्षाने काम सुरू केलं. आकडा वर जाईचना! चाळीसवर बसला तो बसलाच. तिने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. तात्याराव उगाचच गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले, कारण चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

अर्ध्या तासाने आतून हाक आली. “पप्पा, गळतंय!”

नळ्यांवर पाण्याचे थेंब होते. एक थेंब आतल्या सर्किटच्या पट्टीच्या कडेला लोंबत होता. दीक्षाने झटकन वीज बंद केली. तात्यारावांनी कापड आणलं, सगळं टिपलं, प्रत्येक जोड आवळला. पंख्याखाली वाळवून पुन्हा कूलर सुरू केला. पुन्हा थेंब. पुन्हा आवळले. पुन्हा थेंब, आणि आता तर जिथे जोडच नाही तिथेही.

“एकतीस वर्षांत माझा एक जोड गळला नाही,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

दीक्षाने स्टूल घेतलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. “चेन चालते का तेवढं बघते,” म्हणाली.

शालनताईंनी फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा ग्लास त्यांच्यासमोर आणून ठेवला. ते काही पिईनात. ग्लासच्या अंगावर थेंब जमले, ओघळले, टेबलावर गोल वळ उमटला.

“अहो, हाही गळतोय का बघा जरा,” शालनताई म्हणाल्या. “जोड काही दिसत नाही कुठे.”

तात्यारावांनी ग्लासकडे पाहिलं. मग नळ्यांकडे. मग कपाळावर हात मारला. दमट हवेत गार वस्तूला घाम येतो, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं? कारखान्यातल्या चव्वेचाळीस कूलरांखाली त्या घामासाठीच ट्रे ठेवलेले असायचे. ते त्यांनी स्वतः हजार वेळा ओतले होते. पण तो त्यांना कधी दोष वाटलाच नव्हता. उलट घाम म्हणजे पाणी झकास गार झाल्याची खूण! कॉम्प्युटरच्या पोटात मात्र ट्रे ठेवता येत नाही.

दीक्षाने मोबाइलवर आजच्या हवेचा हिशेब पाहिला. “एकवीस अंशांच्या खाली गेलं की घाम येणार. पाणी चोवीसवर ठेवू या.”

“चोवीस? अगं, ते कोमट झालं!”

“पप्पा, त्याला प्यायचं नाहीये.”

कूलरचं बटण चोवीसपर्यंत जाईना. ते बनवणाऱ्याच्याही स्वप्नात असा कूलर आला नसणार. तात्याराव त्याच दुपारी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले आणि हवं ते तापमान धरून ठेवणारं एक छोटं यंत्र मागितलं.

“कशासाठी हवंय?” दुकानदाराने विचारलं.

“माशांच्या टाकीला,” तात्याराव म्हणाले. कूलरवाल्या तात्यारावांना चोवीस अंशांचं पाणी हवंय, हे कबूल करायला त्यांची जीभ वळेना.

रविवारभर नळ्या वाळवायला पंखा चालला आणि ते यंत्र कूलरला जोडून तात्यारावांनी पाणी चोवीसवर आणलं. सोमवारी दहाला चाचणी सुरू झाली. आकडा अठ्ठावन्न. बाराला त्रेसष्ट. तीन वाजता, ऊन ऐन भरात असताना, एकाहत्तर. तात्यारावांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

“दोनच अंश कमी करतो. बरं वाटेल त्याला.”

“पप्पा, हात मागे.”

शेवटी शालनताईंनी त्यांना लसूण सोलायला बसवलं. दर चार पाकळ्यांनी ते उठून नळ्यांवरून बोट फिरवून येत. कोरड्या. पुन्हा चार पाकळ्या. नळ्यांना लसणाचा वास लागला, पण थेंब काही आला नाही. चार वाजले, पाच वाजले. सहाला पडद्यावर हिरवी पट्टी पूर्ण झाली आणि दीक्षा खुर्चीतून उठून किंचाळली. साडेसहाला कंपनीचं उत्तर आलं : घरून काम चालू ठेवावे.

दीक्षाने बॅग माळ्यावर टाकली आणि वडलांना शोधत गॅलरीत आली. तात्याराव कूलरच्या मागे उकिडवे बसून सुतळीला गाठ मारत होते. कारखाना सोडताना खिशात राहून गेलेलं एक कोरं पिवळं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं. तिने वाकून वाचलं. तारीख. तापमान चोवीस. सही. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा : ‘कोमट. दीक्षा घरीच.’

ती म्हणाली, “तुम्ही तर ‘जा की’ म्हणाला होतात.”

“तेव्हा कूलर कुठे होता,” तात्याराव म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता त्यांनी कोरड्या नळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.