गोळी लागू पडली तेव्हा

बहात्तरच्या दुष्काळापर्यंतची काही वर्षं मी पाथर्डी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिथे एकदा पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेली एक बाई आली. तिकडे खाटा पुरत नव्हत्या. बऱ्या झालेल्यांना घरी पाठवायचं आणि गोळ्या त्यांच्या जवळच्या दवाखान्यातून द्यायच्या, असं तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. आमच्याकडची ती पहिलीच. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच घाबरलो होतो. शिपायाने इंजेक्शनच्या खोलीला आधीच कुलूप घालून ठेवलं.

आणि आली कोण, तर डोक्यावरून पदर घेतलेली, चाळिशीकडे झुकलेली, भावाच्या मागे मागे चालणारी बाई. दारात चपला काढून तिने विचारलं, "बाई, कुटं बसू?" तिला पाहून बाकावरच्या बायका उठून गेल्या होत्या. सगळा बाक मोकळा होता.

ती भावाकडे राहायची आणि बाजाराच्या दिवशी गोळ्या न्यायला यायची. तिची हकिकत भावानेच सांगितली. पहिल्या बाळंतपणात तिच्या डोक्यावर परिणाम झाला. ओली बाळंतीण तान्ह्या पोरीला घेऊन विहिरीच्या काठावर उभी असलेली लोकांनी पाहिली. नवऱ्याने तिला पुण्याला नेऊन ठेवलं आणि दुसरं लग्न केलं. त्या दुसरीने मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मुलगी तिलाच आई समजत होती. गावाला सगळं ठाऊक होतं, पण मुलीसमोर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

एकदा दवाखान्यात गर्दी नव्हती. ती म्हणाली, "लई गुनाच्या गोळ्या हायेत बाई."

"बरं वाटतंय ना मग?"

"समदं ध्यानात येतंय. लेकरू माज्या हातातनं कोनी वढून घेतलं, ते कसं रडलं, समदं. तितं हुते तवा काईच कळत न्हवतं." मग म्हणाली, "जरा कमी द्या की गोळी."

मी डॉक्टरांना विचारलं. ते खूश झाले. औषध लागू पडलंय, म्हणाले. मी तिला तेच सांगितलं. तिने मान हलवली आणि गोळी जिभेवर ठेवली.

पुढे मुलीचं लग्न झालं. हिला बोलावलं नव्हतं. "मीच म्हनलं दादाला, नगं. येडीची लेक म्हनलं की सोयरीक मोडती," ती म्हणाली.

दुष्काळाच्या वर्षी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, अडली, आणि तिला बैलगाडीतून आमच्याकडे आणलं. सोबत तिला वाढवणारी आई आणि सासू. नेमका बाजाराचा दिवस. आत मुलगी ओरडायला लागली तशी गोळ्यांसाठी आलेली ती बाकावरून उठली आणि दारापर्यंत येऊन थांबली. वाढवणारीने तिला ओळखलं. ती दारातून बाजूला सरकली. वाट मोकळी करून दिली.

"ही कोन हो?" सासूने विचारलं.

"मी व्हय? हितलीच हाय. डोकं दुखतंय, गोळ्या न्यायला येते," तिनेच उत्तर दिलं, आणि परत बाकावर जाऊन बसली.

मुलगी झाली. पुसून, गुंडाळून मी बाळ बाहेर आणलं. सासू पाणी आणायला गेली होती. मी बाळ बाकावर बसलेल्या तिच्यासमोर धरलं. "घ्या, पटकन."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं बाई. भ्या वाटतंय."

"तिला काही होत नाही. कुणाची भीती वाटते?"

"माजीच," ती म्हणाली. "माज्या हातांचं मलाच भ्या वाटतंय."

पण बघत मात्र होती. सासूची पावलं वाजली तशी तिने मान फिरवली. गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि बाजाराच्या गर्दीतून भावाला शोधत निघून गेली.

थोड्याच दिवसांत माझी बदली राहात्याला झाली. जाताना नव्या नर्सला एकेका पेशंटबद्दल सांगत होते. तिच्याबद्दल "गोळ्या वेळेवर घेते, कुणाला त्रास देत नाही," एवढंच म्हणाले.