नणंदेचं गाणं, माझा आवाज

माझी नणंद फार छान गाते असं आमचं सगळं ब्राह्मणपुरी गाव म्हणतं. मी म्हणत नाही, कारण तिच्या प्रत्येक गाण्यात मी असते. हळदीच्या गाण्यात नणंदेनं भावजयीची उणीदुणी काढायची ही आमच्याकडची रीतच आहे, पण रीत पाळण्याचा इतका उत्साह मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

आमच्या घरात आत्याचं, म्हणजे फुईचं, गाणं झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. माझ्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं आणि नेमक्या हळदीच्याच दिवशी नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरतेला ठरलं. तारीख काही बदलेना. नवापूरहून, तिच्या सासरहून, फोनवर ती रडली. "मन्ही भाचीनी हयद, नि मी नही?" खरं सांगते, मला वाईट वाटलं. पण चारचौघांत माझी अब्रू वाचणार म्हणून बरंही वाटलं.

ते बरं वाटणं आमच्या ह्यांनी टिकू दिलं नाही. हे म्हसावदला हायस्कुलात शिकवतात. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे धडे रेकॉर्ड करायला शिकले, आणि तेव्हापासून घरातला मिक्सर बिघडला तरी शेवटचा शब्द ह्यांचाच. नणंदेला घरात सगळे बाई म्हणतात. हे म्हणाले, "बाई व्हिडिओ कॉलवर गाई, मी स्क्रीन रेकॉर्ड करसू, नि मांडोमा मोठा स्पीकरवर लावसूत."

नणंदेनं एकच अट घातली. हळदीचं गाणं हळदीआधी घरात वाजता कामा नये, अपशकुन होतो. ह्यांच्याकडे त्यावरही उपाय होता. हेडफोन. गाणं ह्यांच्या कानात आणि थेट रेकॉर्डिंगमध्ये, घराला पत्ता नाही!

हळदीच्या दोन दिवस आधी दुपारी, पंखा बंद करून आणि कॉलवर आपला आवाज नणंदेला जाणार नाही असं करून, हे बैठकीत कॉम्प्युटरपुढे बसले. मी आणि जाऊ पलीकडे स्वयंपाकघरात बुंदी पाडत होतो. दारातून पडदा दिसत होता. त्यावर नणंद नव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन, मन लावून गात होती. ऐकू काहीच येत नव्हतं, पण मला ऐकायची गरजही नव्हती. नुसत्या तोंडाच्या हालचालीवरून मला माझा कोणता दोष चाललाय ते कळत होतं. मग मीही जावेजवळ मन मोकळं केलं.

गाणं संपल्यावर एकदा तपासून बघा, असं मी म्हटलं. हे चिडले. "मी सोता आयकं ना!"

हळदीला मांडव भरला. पोरगी पाटावर बसली, हळदीची वाटी पुढे आली, ह्यांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. मांडवात आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नणंद प्रकटली, गोड हसली, तिनं तोंड उघडलं आणि स्पीकरमधून माझा आवाज आला.

"व्हयनं सुरू! यास्नापेक्षा नवापूरन्या कोंबड्या बऱ्या गातस."

मागे कढईवर झारा आपटल्याचा आवाजही स्वच्छ आला होता. पुढे, "गुडघा दुखस म्हने. जीभ मातर दुखत नही!" नणंद पडद्यावर हात ओवाळत आशीर्वाद देत होती आणि ते शब्द तिच्या ओठांवर असे चपखल बसत होते की जणू स्वतःबद्दल तीच बोलतेय. मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

हे घाम पुसत बटणं दाबत राहिले. शेवटी कळलं ते असं, की धडे रेकॉर्ड करताना ह्यांनी फक्त माईक चालू ठेवलेला असायचा. कॉम्प्युटरमधून येणारा आवाजही घ्यायचा, अशी वेगळी खूण करावी लागते, ती ह्यांनी कधी केलीच नव्हती. मास्तराला दुसऱ्याचा आवाज नोंदवायची वेळ कशाला येते?

हसणं ओसरलं तेव्हा माझं लक्ष पोरीकडे गेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फुईनं गानं नही ते हयद बी नही," ती म्हणाली. नणंद तर ऑपरेशनच्या टेबलावर. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गाणं कुणाला येत होतं? इतकी वर्षं कान देऊन, दात-ओठ खात ते ऐकलेली एकच बाई तिथे होती.

मी गायला लागले. "वयनी मन्ही भारी कंजूस, दिवामा घाले एकच थेंब." माझ्याच तोंडानं मी कंजूष झाले, आळशी झाले, माहेरचे गोडवे गाणारी झाले. बायका टाळ्या पिटत होत्या. आवाज फाटत होता, पण एक ओळ मी गाळली नाही. हळद लागली.

संध्याकाळी सुरतेहून फोन आला. ह्यांनी तो विस्तवासारखा माझ्या हातात दिला. नणंदेचा आवाज गुंगीत होता. "मन्हं गानं आयकं का समदासनी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण नात्यातल्या शंभर तोंडांतून तिला ते कळणारच होतं, आणि मी आधी सांगितलेलं बरं. मी सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. ती हसली नाही, चिडलीही नाही.

"मंग हयद?"

"लागनी. मीच म्हनं गानं."

"समदं?"

"समदं."

मग ती हळूच म्हणाली, "मंग आते मी मरी गऊ तरी चाली."

मी अशी संतापून ओरडले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

"मरानी गोट करू नका, बाई! धाकलीनी हयद बाकी शे. तिले गानं मी नही म्हनाव."