धाकटीला आधी

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण पाळी तिला आधी आली. ती तेव्हा सातवीत होती, मी नववीत. शाळेतून आल्या आल्या ती बाथरूममध्ये गेली आणि आतून हाक आली, "ताई, जरा इकडे ये ना. मला कुछ हो गया है." आम्ही दोघी अशाच बोलायचो. ग्वाल्हेरमध्ये आमची मराठी आईसमोर तेवढी नीट टिकायची.

तिच्या स्कर्टला डाग पडला होता आणि ती रडवेली झाली होती. विज्ञानाचा तो धडा मला पाठ होता, पण आता करायचं काय ते सुचेना. मी आईला बोलावलं. आई आत गेली, दार लागलं, दोघींची कुजबुज सुरू झाली. मोठी असून मी बाहेर उभी! मला फार वाईट वाटलं.

रविवारी शिंदे की छावनीहून आत्या आली. पोह्यांची बशी हातात घेत माझ्यासमोरच म्हणाली, "धाकटीला आली आणि मोठीला अजून नाही? डॉक्टरला दाखवलंत का वहिनी?"

"मला पंधराव्या वर्षी आली होती," आई शांतपणे म्हणाली. "हिलाही येईल. पोहे घ्या अजून."

आत्या गेल्यावर मी विचारलं, "खरंच पंधराव्या?"

"खरंच. मैत्रिणी बोलायला लागल्या की मी उठून जायची."

हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं.

धाकटीचं वेगळंच होतं. त्या दिवसांत ती कोचिंगला सायकलवर जायला तयार होईना. "सबको पता चल जाता है ताई." मग मी तिच्या मागे सायकल ठेवायला लागले. माधवगंजच्या गर्दीत ती मधूनच मान वळवून बघायची आणि मी ओरडायची, "सब ठीक है, चल!" दोन-तीन महिन्यांनी तिनं मागे बघणं सोडलं.

माझी पाळी पुढच्या थंडीत आली. पॅड कसं लावायचं ते धाकटीनंच दाखवलं. "अगं, उलटं धरलंयस!" म्हणत ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. दुपारी पोट दुखायला लागलं तेव्हा गरम पाण्याची पिशवी तिनंच भरून आणली, आणि माझ्या पायांवर रजई ओढून शेजारी गणितं सोडवत बसली.